इंग्रजी तमभावाची रूपे आणि त्यांचे स्पेलिंग: प्राथमिक शिक्षक व पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बिग'चे 'बिगेस्ट' होते हे आपल्या मुलांना बोलताना लवकर कळते. ती अडतात ती लिहिताना, 'जी' एकदा लिहायचा की दोनदा, या ठिकाणी. मराठी माध्यमाच्या आणि सेमी-इंग्रजी वर्गांना शिकवणारे शिक्षक, तसेच घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी लिहिले आहे, कारण मुले ते वर्गात मोठ्याने असेच म्हणतात.

तमभाव म्हणजे काय, आणि तो लहान मुलाला कोणत्या शब्दांत सांगावा?

दोन वस्तूंची तुलना करताना विशेषणाचे जे रूप येते तो तरभाव, आणि तीन किंवा अधिक वस्तूंपैकी एक वस्तू सगळ्यांच्या पुढे किंवा सगळ्यांच्या मागे आहे असे सांगणारे रूप तो तमभाव. आपण रोज वापरतो तो 'तारतम्य' हा शब्द याच 'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांपासून तयार झाला आहे. शिक्षकाला हे ठाऊक असावे. मुलाला मात्र आरंभी ही नावे सांगण्याची काहीच गरज नाही.

मुलापुढे तीन पेन्सिली ठेवाव्यात. दोनच पेन्सिली असताना 'ही त्या पेन्सिलीपेक्षा लांब' असे आपण म्हणतो, तिसरी आली की 'ही सर्वांत लांब' असे म्हणावे लागते, एवढे मुलाच्या डोळ्यांसमोर घडले की पुरे. येथे एक घोटाळा आधीच दूर करावा. 'फार लांब' आणि 'सर्वांत लांब' या दोन्हींना बरीच मुले एकच समजतात आणि 'व्हेरी लाँग' लिहून मोकळी होतात. 'फार' म्हणताना शेजारी दुसरी वस्तू नसली तरी चालते, 'सर्वांत' म्हणताना ती असावीच लागते. 'लहानात लहान', 'मोठ्यात मोठा' हे आपले घरगुती प्रयोग या ठिकाणी उपयोगी पडतात, कारण त्यांत इतर लहान आणि इतर मोठे गृहीतच धरलेले असतात.

मराठीत 'सर्वांत' हा वेगळा शब्द लावतात, विशेषण बदलत नाही. मग 'एस्ट' हा प्रत्यय मुलांना परका वाटत नाही का?

वाटतो, पण आपण समजतो तेवढा नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ हे शब्द संस्कृतातून आपल्याकडे आले आहेत आणि त्यांच्या शेवटी असलेला 'इष्ठ' हा तमभावाचाच प्रत्यय आहे. भाषांच्या इतिहासात मागे गेले तर हा 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' ही एकाच पूर्वज प्रत्ययाची लेकरे ठरतात. पाचवी-सहावीच्या मुलांना गणितातला 'लसावि' शिकवताना 'लघुतम' म्हणजे सर्वांत लहान हे सांगावेच लागते. त्याच तासाला 'स्मॉलेस्ट' या शब्दाची आठवण करून दिली, तर दोन विषय एकमेकांना हात देतात.

याहून मोलाची गोष्ट दुसरीच आहे. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द आपले रूप बदलतो, हे मराठी मूल शाळेत येण्याआधीपासून जाणते. ते 'घोडाला' म्हणत नाही, 'घोड्याला' म्हणते. 'पाणीत' म्हणत नाही, 'पाण्यात' म्हणते. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. 'हॅपी'ला 'एस्ट' लागताना शेवटचा 'वाय' जाऊन 'आय' येतो आणि 'हॉट'ला लागताना 'टी' दोनदा येते, ही त्या इंग्रजी शब्दांची सामान्यरूपेच आहेत असे समजावून सांगितले की मुलाच्या चेहऱ्यावरचे कोडे सुटते. व्याकरणकार या तुलनेत फरक दाखवतील आणि त्यांचे म्हणणे बरोबरच असेल, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ओळखीच्या वाटेने नेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्रजी स्पेलिंगला काही धरबंध नाही, ते केवळ घोकायचे, ही समजूत एकदा बसली की पुढे अनेक वर्षे जात नाही.

हा भाग कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या क्रमाने घ्यावा?

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे तिसरीपर्यंत मुलांच्या कानावर 'बिग', 'स्मॉल', 'टॉल', 'फास्ट' असे पुष्कळ शब्द पडलेले असतात. माझ्या मते तोंडी ओळख दुसरी-तिसरीत आणि स्पेलिंगचे नियम तिसरीच्या अखेरीपासून पाचवीपर्यंत, हा वेग बहुतेक वर्गांना झेपतो.

क्रमाच्या बाबतीत इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम पाहण्यासारखा आहे. 2014 पासून तेथे लागू असलेल्या या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांना, मूळ शब्दात काहीच बदल होत नाही असेच शब्द दिले जातात. 'ई'ने संपणारे, 'वाय'ने संपणारे आणि शेवटचे व्यंजन दुप्पट करणारे शब्द दुसऱ्या वर्षी येतात. ज्यांच्या घरात इंग्रजीच बोलले जाते, त्या मुलांनाही हे दोन टप्प्यांत शिकवले जाते. आपल्याकडे मात्र चारही प्रकार एका तक्त्यात, एकाच तासाला फळ्यावर येतात. आपल्या मुलांना निदान तेवढाच अवकाश दिला पाहिजे: एका आठवड्यात एकच प्रकार, आणि तो पक्का झाल्याशिवाय दुसरा नाही.

नियम थोडक्यात कसा सांगावा?

मुलाला शब्दाच्या शेवटाकडे पाहायला शिकवावे. 'टॉल', 'फास्ट', 'ओल्ड', 'लाँग', 'कोल्ड' अशा शब्दांना 'ई-एस-टी' नुसते जोडायचे. 'लार्ज', 'नाइस', 'वाइड', 'सेफ' यांच्या शेवटी 'ई' आधीच उभा आहे, म्हणून केवळ 'एस-टी' जोडायचे. दोन 'ई' शेजारी लिहायचे नाहीत. हे दोन प्रकार मुलांना जड जात नाहीत आणि त्यांवर फार वेळ घालवू नये. पुढचे दोन प्रकार अवघड आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगळा केला आहे.

'बिग', 'हॉट', 'थिन' यांचे शेवटचे अक्षर दुप्पट का होते?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि बहुतेक वेळा 'नियमच तसा आहे' असे उत्तर दिले जाते. त्या उत्तराने मुलाचे समाधान होत नाही, म्हणून कारण सांगणे आवश्यक आहे.

मराठी लिपीत स्वर ऱ्हस्व आहे की दीर्घ, हे वेलांटी-उकार पाहून कळते. इंग्रजीत असे चिन्ह नाही. तेथे पुष्कळदा स्वराच्या पुढची अक्षरे पाहून त्याचा उच्चार ठरवावा लागतो. स्वरानंतर एकच व्यंजन आणि त्यापुढे 'ई' आला, की वाचणारा आधीचा स्वर लांबवतो. 'लेट' या शब्दाचे 'लेटेस्ट' करताना 'टी' एकच आहे, म्हणून 'ए'चा उच्चार लांब राहतो. 'फॅट'चे रूप तसेच एका 'टी'ने लिहिले तर वाचणारा ते 'फेटेस्ट' असे वाचू लागेल. 'हॉटेस्ट' एका 'टी'ने लिहिले तर ते 'होटेस्ट' होईल. मधे दुसरे व्यंजन उभे केले की 'ई'चा परिणाम मागच्या स्वरापर्यंत पोहोचत नाही आणि स्वर आखूडच राहतो. थोडक्यात, दुसरे व्यंजन हे स्वराच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण आहे. मुलांना ही कुंपणाची कल्पना चांगली लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

मराठी मुलाची खरी अडचण कानाची आहे. आपल्याकडे जोडाक्षर असले की ते ऐकू येते. 'मका' आणि 'मक्का' यांत कोणाचीही गफलत होत नाही. इंग्रजीत 'बिगेस्ट' म्हणताना 'ग' दोनदा ऐकू येत नाही, म्हणून जसे ऐकले तसे लिहिण्याची सवय असलेले आपले मूल एकच 'जी' लिहिते. ही हयगय नव्हे. मराठी शुद्धलेखनाचा चांगला संस्कार असलेले मूलच ही चूक करते. त्याला स्पष्ट सांगावे की हे दुसरे अक्षर बोलण्यासाठी लिहिलेले नाही, ते आधीचा स्वर कसा वाचायचा हे दाखवण्यासाठी आहे. मग 'बी-आय-जी-जी-ई-एस-टी', 'एच-ओ-टी-टी-ई-एस-टी', 'टी-एच-आय-एन-एन-ई-एस-टी' ही स्पेलिंग मुले समजून म्हणतात.

मग 'क्लीन', 'स्मॉल' आणि 'स्लो' यांचे शेवटचे अक्षर दुप्पट का होत नाही?

अक्षर दुप्पट करायचे की नाही हे ठरवण्यासाठी 'बिग', 'हॉट' अशा एकाच तुकड्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाची शेवटची तीन अक्षरे तपासायची: व्यंजन, एकच स्वर, एकच व्यंजन अशी रचना असेल तरच दुप्पट करायचे. 'क्लीन'मध्ये 'ई' आणि 'ए' असे दोन स्वर शेजारी आहेत. स्वर मुळातच लांब असल्याने त्याच्या रक्षणाचा प्रश्नच येत नाही. 'डीप' आणि 'कूल' यांचेही तसेच. 'फास्ट'च्या शेवटी 'एस' आणि 'टी' ही दोन व्यंजने आधीच आहेत, म्हणजे कुंपण तयार आहे. 'स्मॉल'मध्ये दोन 'एल' मूळ शब्दातच आहेत. तिसरा 'एल' लिहिणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ती नियम नको तितका मनावर घेणारी असतात.

'स्लो' आणि 'न्यू' यांच्या शेवटी 'डब्ल्यू' आहे. लिहिताना ते व्यंजन दिसत असले तरी येथे ते स्वराच्या उच्चारात मिसळून गेलेले असते, म्हणून ते कधीही दुप्पट होत नाही. 'ग्रे'मधल्या 'वाय'लाही हेच लागू आहे. या तपासणीसाठी चार रेघी वहीत मूळ शब्द लिहून शेवटच्या तीन अक्षरांखाली 'व्य', 'स्व', 'व्य' अशी खूण करायला लावावी. आठ-दहा शब्दांनंतर मुले खूण न करताच सांगू लागतात.

'वाय'च्या जागी 'आय' केव्हा येतो?

'वाय'च्या आधी व्यंजन असेल तेव्हा. 'हॅपी', 'हेवी', 'इझी', 'डर्टी', 'अर्ली', 'फनी' या सर्वांत 'वाय' जाऊन 'आय' येतो आणि मग 'ई-एस-टी' लागते: 'एच-ए-पी-पी-आय-ई-एस-टी'. 'ड्राय' या छोट्या शब्दाचेही 'डी-आर-आय-ई-एस-टी' होते. 'वाय'च्या आधी स्वर असेल तर तो हलत नाही, जसे 'ग्रे'मध्ये. 'शाय' हा शब्द व्यंजनानंतरही आपला 'वाय' सहसा राखतो. पण प्राथमिक वर्गात हा अपवाद मुलाने विचारल्याशिवाय काढू नये.

'फनी' आणि 'हॅपी' यांतली दुहेरी अक्षरे मूळ शब्दातलीच आहेत, हे मात्र मुद्दाम दाखवावे. 'वाय' बदलायच्या नादात 'हेवी'चा 'व्ही' दुप्पट करणारी मुले असतात, कारण दोन नियम त्यांच्या मनात एकत्र झालेले असतात. म्हणूनच हे दोन प्रकार एकाच आठवड्यात घेऊ नयेत.

'एस्ट' कोठे लावायचे आणि 'मोस्ट' कोठे?

टाळ्या वाजवून शब्दाचे उच्चाराचे तुकडे मोजावेत. एका टाळीच्या शब्दाला साधारणतः 'एस्ट' लागते. 'ब्यु-टि-फुल', 'डि-फि-कल्ट' अशा तीन किंवा अधिक टाळ्यांच्या शब्दांपूर्वी 'मोस्ट' येते आणि शब्द जसाच्या तसा राहतो. या गटात स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही, म्हणून तो मुलांना आवडतो.

दोन टाळ्यांचे शब्द थोडे त्रासदायक आहेत. 'वाय'ने संपणाऱ्यांना 'एस्ट' लागते, हे आपण पाहिलेच. 'सिंपल', 'जेंटल', 'नॅरो', 'क्लेव्हर' यांनाही 'एस्ट' लागते. 'फेमस', 'केअरफुल', 'यूजफुल', 'मॉडर्न' यांच्यापूर्वी 'मोस्ट' येते. काही शब्द दोन्ही प्रकारे चालतात; 'पोलाइट' हा त्यांपैकी एक. असा शब्द आला आणि शंका वाटली तर शब्दकोश उघडावा, आणि तो मुलांसमोरच उघडावा.

मुले 'मोस्ट बिगेस्ट' असे लिहितात. याचे कारण काय?

मराठीत 'सर्वांत' हा शब्द विशेषणाच्या आधी येतो, म्हणून मूल त्याच्या जागी 'मोस्ट' ठेवते आणि नंतर शिकवलेले 'बिगेस्ट' लिहिते. आपणही 'सर्वांत ज्येष्ठ' आणि 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, ज्यांत तमभाव मुळातच दोनदा आला आहे. मराठीत ते रूढ आणि शुद्ध आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही अशी दुहेरी रूपे लिहिली जात. आजच्या इंग्रजीत मात्र ती चूक समजली जाते. 'सर्वांत' हे एकदाच सांगायचे, एकतर पुढे 'मोस्ट' लावून किंवा मागे 'एस्ट' जोडून, असे मुलाला सांगावे.

'गुड-बेटर-बेस्ट' कसे पाठ करून घ्यावे?

येथे पाठांतराला पर्याय नाही आणि त्यात कमीपणाही नाही. नेहमी लागणारे शब्द मोजकेच आहेत: 'गुड'चे 'बेस्ट', 'बॅड'चे 'वर्स्ट', 'मच' आणि 'मेनी'चे 'मोस्ट', थोडेसे या अर्थाच्या 'लिटल'चे 'लीस्ट', आणि 'फार'चे 'फार्देस्ट' किंवा 'फर्देस्ट'. 'लीस्ट' आणि 'मोस्ट' शिकवताना 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' हे मराठी जोड सोबत द्यावेत, म्हणजे पुढे 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'अ‍ॅट मोस्ट' हे प्रयोग आपोआप समजतात. 'वर्स्ट'च्या स्पेलिंगमध्ये 'ओ' आहे, 'डब्ल्यू-ओ-आर-एस-टी', ते उच्चारावरून लक्षात येत नाही. तो शब्द श्रुतलेखनात वारंवार घ्यावा.

एखादे मूल 'गुडेस्ट' लिहिते, तेव्हा त्याला प्रत्ययाचे काम समजले आहे असे मानावे. रूप दुरुस्त करावे, पण ती चूक आणि काहीच न समजल्याने झालेली चूक यांना एकसारखी लाल फुली मारू नये.

वाक्यात हे शब्द वापरताना कोणत्या चुका होतात?

पहिली चूक 'द' गाळण्याची. मराठीत असा उपपदाचा प्रकार नसल्याने मुले तो विसरतात. तमभावाचा शब्द नामापूर्वी आला की 'द' हवाच, अपवाद 'माझा', 'तिचा' अशा शब्दांचा. 'माय बेस्ट फ्रेंड' म्हणताना 'द' येत नाही.

दुसरी चूक आपल्या 'पेक्षा'मुळे होते. 'सगळ्यांपेक्षा उंच' हे मराठीत तमभावाचेच काम करते, म्हणून मूल 'टॉलेस्ट दॅन ऑल' लिहिते. 'दॅन' हा शब्द 'टॉलर'चा सोबती आहे, 'टॉलेस्ट'चा नाही. 'वर्गातला सर्वांत उंच' म्हणजे स्थळ किंवा समूह सांगायचा असेल तर 'इन', आणि 'तिघांतला सर्वांत उंच' म्हणजे मोजलेली माणसे असतील तर 'ऑफ'. मराठीत दोन्ही ठिकाणी 'त' हाच प्रत्यय असल्याने हा फरक केवळ उदाहरणांनीच मुरतो.

उच्चार 'बिगेस्ट' की 'बिगिस्ट'?

आपण देवनागरीत 'बिगेस्ट' लिहितो आणि बोलतानाही तसेच म्हणतो; इंग्रजीत प्रत्ययाचा उच्चार बहुधा 'इस्ट'च्या जवळ, तोही हलका आणि आघात न देता होतो. मुलाला यासाठी सारखे अडवू नये. 'लाँग', 'स्ट्राँग' आणि 'यंग' या तीन शब्दांकडे मात्र लक्ष वेधावे. 'लाँग' म्हणताना शेवटी सुटा 'ग' ऐकू येत नाही, 'लाँगेस्ट' म्हणताना तो स्पष्ट येतो. स्पेलिंगमध्ये त्यासाठी काहीही बदलत नाही.

सरावासाठी वाक्ये कोठून आणावीत?

परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून. मूल जे मराठीत शिकले आहे तेच इंग्रजीत लिहायला दिले की त्याचे सारे लक्ष रूपाकडे राहते. कळसूबाई हे 1646 मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. 3702 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे गोवा हे भारतातील सर्वांत लहान राज्य आहे. चित्ता हा जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी आहे. गुरू हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह आहे. या चार वाक्यांत 'हाय', 'स्मॉल', 'फास्ट' आणि 'बिग' येतात, आणि दुप्पट होणारा शब्द त्यांत एकच असल्याने मुलाला थांबून विचार करावा लागतो. माणसांची तुलना, विशेषतः रंग, जाडी किंवा गुण यांवरून वर्गातल्या मुलांची तुलना, उदाहरणांत आणू नये. 'फॅटेस्ट' शिकवायलाच हवे, पण ते बोक्यावरून किंवा भोपळ्यावरून शिकवता येते.

वही तपासताना काय पाहावे?

शब्द आणि प्रत्यय जेथे जुळतात तो सांधा पाहावा. संपूर्ण शब्दावर रेघ न मारता त्या सांध्याखालीच रेघ द्यावी आणि शेजारी दुरुस्ती न लिहिता मुलालाच पुन्हा पाहायला सांगावे. दहापैकी तीन शब्द चुकले असतील तर ते तिन्ही एकाच प्रकारचे आहेत का, हे आधी तपासावे. बहुतेक वेळा ते असतात, आणि मग दहाही शब्द पुन्हा पाच-पाच वेळा लिहायला लावण्याऐवजी तेवढा एक प्रकार पुन्हा शिकवणे पुरते.

पालकांना स्वतःला इंग्रजी येत नसेल तर ते कशी मदत करू शकतात?

अनेक आया संकोचाने हा प्रश्न विचारतात. मदत नक्की करता येते. मुलाला वहीतला शब्द मोठ्याने वाचायला सांगावे, त्याचा मराठी अर्थ विचारावा आणि मग 'प्रत्यय लागताना शब्दात काय बदलले, आणि का?' एवढे विचारावे. मूल आपल्याला मराठीतून समजावून सांगू लागले की त्याला काय समजले आहे आणि कोठे अडते आहे, ते ऐकणाऱ्याला कळतेच. 'आई, इथे दोन टी आहेत, नाहीतर ते होटेस्ट होईल' असे ज्या दिवशी मूल म्हणेल, त्या दिवसानंतर त्याला त्या शब्दाचे स्पेलिंग पुन्हा घोकायला लावण्याची गरज नाही.